होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि घाटातला पिकअप : सुपरचार्जर म्हणजे नेमकं काय?

डिंभ्याहून भीमाशंकरकडे निघालात की धरण मागे पडतं आणि पोखरीचा घाट लागतो. पुढे हिरड्याची पोती भरलेला एखादा पिकअप चढत असेल तर काच खाली करून नीट ऐका. ड्रायव्हरने गिअर पाडून पाय दाबला की इंजिनाच्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळते. ती टर्बोची. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबायचं हे तंत्र आज माल वाहणाऱ्या गाडीतही असतं. ९० वर्षांपूर्वी ते रस्त्यावरच्या फार थोड्या गाड्यांत होतं. त्यातली एक अमेरिकन गाडी एका मराठी राजाकडे होती: इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग एसजे.

होळकर मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातले, होळ गावचे. यशवंतराव ऑक्सफर्डला शिकलेले आणि आधुनिक कलेचे शौकीन. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला. गाडीची आवडही त्याच जातीची. ड्यूसेनबर्ग कंपनी फक्त चासी आणि इंजिन द्यायची, वरची बॉडी गिऱ्हाइकाने वेगळ्या कारागिराकडून करून घ्यायची. यशवंतरावांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली. उघडी, दोन माणसांची, केशरी आणि काळ्या रंगाची.

दोन माणसांसाठी केवढी गाडी? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलंच अंतर १५३.५ इंच, म्हणजे ३.९ मीटर. आजची अख्खी स्विफ्ट बंपरपासून बंपरपर्यंत यापेक्षा थोडी कमीच भरते.

आता इंजिनाकडे येऊ. मॉडेल जे १९२८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आलं. एका रांगेत ८ सिलेंडर, ६.९ लिटर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलेंडरला ४ व्हॉल्व्ह. कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा. आजच्या स्विफ्टला ८० च्या आसपास आहेत, यावरून अंदाज करा. १९३२ मध्ये सुपरचार्जर लावलेलं एसजे आलं आणि दावा ३२० वर गेला.

पेट्रोल जळायला हवा लागते, आणि बरीच लागते. एक किलो पेट्रोलला साधारण १४-१५ किलो. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच चालतं. पेट्रोल कितीही ओता, हवा नसेल तर ते नुसतं काळ्या धुरात जातं. सुपरचार्जर ही अडचण दूर करतो. कॅनॉलवरची पाण्याची मोटर उघडून पाहिली असेल तर तुम्हाला तो समजलाच. मोटरीत इंपेलर गरगर फिरतो, मधून पाणी घेतो आणि कडेला जोरात फेकतो. ड्यूसेनबर्गच्या सुपरचार्जरमध्येही असाच इंपेलर आहे, फक्त पाण्याऐवजी हवा. तो गिअरने इंजिनाला जोडलेला आणि इंजिनाच्या कित्येक पट वेगाने फिरणारा. जास्त हवा आत गेली, की तेवढ्याच सिलेंडरमध्ये जास्त पेट्रोल जाळता येतं.

पण यात एक गोम आहे. मोटर हळू फिरली तर पाणी वर चढत नाही, तसंच इथे. इंजिनाचे आरपीएम ४००० च्या आसपास गेले की या सुपरचार्जरचा खरा दाब मिळतो, खाली फारसा नाही. म्हणजे पोखरीच्या घाटात दुसऱ्या गिअरवर रांगताना त्याचा उपयोग थोडाच. तिथे ६.९ लिटरचं इंजिन स्वतःच्या अंगच्या ताकदीवर चढलं असतं. वळणावर मात्र ३.९ मीटरच्या चासीने ड्रायव्हरला घाम फोडला असता.

पिकअपच्या डिझेल टर्बोचं तसं नाही. इंपेलर तोच, पण त्याला फिरवतो सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर. इंजिनाची ताकद थेट खर्च होत नाही आणि दाबही कमी आरपीएमला तयार होतो. घाटासाठी हीच रचना बरी.

बाकी गोष्टींतही ड्यूसेनबर्ग काळाच्या पुढे होती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. साधारण दर ७५ मैलांनी चासीच्या सांध्यांना आपोआप वंगण देणारा पंप. ऑइल बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागायचा, तोही कुठल्याही चिपशिवाय, नुसत्या गिअरांच्या हिशोबावर! समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटासुद्धा होता. आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे पारा. ८ सिलेंडर एका रांगेत, म्हणून क्रँकशाफ्ट लांब. लांब शाफ्टला प्रत्येक स्फोटाला पीळ बसतो आणि तो थरथरतो. त्यावर पारा भरलेल्या छोट्या नळ्या बसवल्या. आतला जड पारा हिंदकळतो आणि थरथर स्वतःत जिरवतो.

किंमत? सुरुवातीला नुसत्या चासीचेच ८,५०० डॉलर. त्या काळात फोर्डची नवी मॉडेल ए पाचशेच्या आसपास मिळायची.

इथे डिंभ्याला परत यावं लागतं. धरणाच्या जलाशयाला ज्यांचं नाव आहे, ते हुतात्मा बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. त्यांचं जन्मसाल १९०८ सांगतात. यशवंतरावांचंही १९०८. १९३० साली यशवंतरावांच्या हाती संस्थानचा पूर्ण कारभार आला, आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडले गेले. परदेशी माल नको म्हणून एकाने जीव दिला आणि पाचसहा वर्षांत दुसऱ्याकडे जगातली एक महाग परदेशी गाडी आली. संस्थानिकांचा पैसा शेवटी रयतेकडूनच यायचा. इंजिनिअरिंग म्हणून ही गाडी मला प्रचंड आवडते, पण हा हिशोब बाजूला ठेवून तिच्याकडे बघणं मला जमत नाही.

कंपनीचं पुढे काय झालं? इंजिनामागचा मेंदू असलेले फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोंगररस्त्यावर एसजे चालवताना अपघातात जखमी झाले आणि काही आठवड्यांत वारले. १९३७ ला कंपनी बंद पडली. सगळी मिळून मॉडेल जे ४८० च्या आसपासच बनली. होळकरांची गाडी नंतर अमेरिकेला परत गेली.

तुमच्याकडे टर्बोवाली गाडी असेल तर जाता जाता एक कामाची गोष्ट. घाट चढून तळेघरला चहाला थांबलात की इंजिन लगेच बंद करू नका, एखादं मिनिट न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. टर्बो धुराने तापलेला असतो. इंजिन बंद केलं की त्याच्या बेअरिंगकडे जाणारं ऑइल थांबतं आणि आत अडकलेलं ऑइल जळून कडक होतं. ड्यूसेनबर्गच्या सुपरचार्जरला ही भीती नव्हती, कारण त्याला धूर नाही, गिअर फिरवायचा.