फ्लॅग सापडला, पुढे काय?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये चालली आणि तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एरवी एटीएम बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारतं, 'खात्यात पैसे आहेत का?' चोरांनी मधल्या वाटेवर स्वतःचा बनावट स्विच बसवला होता, आणि तो बिनदिक्कत 'द्या' म्हणत होता. मुख्य यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. पैसे बाहेर जाताहेत आणि आत नोंद नाही, ही तफावत ज्याला खटकेल अशी माणसं घडवायची कशी?

एक वाट खेळातून जाते. 'कॅप्चर द फ्लॅग' स्पर्धेत मुद्दाम कच्चा ठेवलेला प्रोग्राम देतात. त्यातली फट हुडकून आत दडवलेली अक्षरांची ओळ, म्हणजे फ्लॅग, बाहेर काढायची. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'पिकोसीटीएफ' सुरू केली. आपल्याकडे अमृता विद्यापीठाच्या केरळमधल्या परिसरातून 'इनसीटीएफ' उभी राहिली. असं मैदान लागतंच, कारण परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. मग उत्साही पोरांनी हात साफ करायचा कुठे?

भरतीसाठी अमेरिकी सरकारने आणखी एक युक्ती केली. 'सायबरकोर' शिष्यवृत्तीत फी आणि राहण्याचा खर्च मिळतो. जितका काळ शिष्यवृत्ती घेतली, तितका काळ सरकारी नोकरी करायची. आपल्या एमबीबीएसच्या बाँडचाच हा भाऊ.

आपल्याकडच्या जाहिराती मात्र फ्रेशरकडूनच दोन वर्षांचा अनुभव मागतात. मग क्लासवाले सर्टिफिकेटं विकतात. (काही कामाची असतात, हे मान्य.)

खेळात जिंकलेल्यांची खरी फजिती 'सॉक'मध्ये होते, म्हणजे जिथे पाळ्या लावून चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवतात. तिथे फट आहे की नाही, हे कुणी आधी सांगत नाही. अलर्ट येत राहतात, बहुतेक फुसके. कुणी पासवर्ड विसरलेला असतो, कुणी सुट्टीवरून लॉगइन केलेलं असतं. रात्री तीनला त्यातला खरा अलर्ट ओळखायचा तर चिकाटी लागते, आणि ती कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून मुलाखतीत व्याख्या विचारण्याऐवजी उमेदवारापुढे तासाभराचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, ठेवावेत आणि काय घडलं ते एका पानात लिहायला सांगावं. हे लिहिणं फालतू नव्हे: २०२२ च्या नियमानुसार ठरावीक प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेला कळवावे लागतात, आणि तो मजकूर बहुधा पाळीवरच्याच पोराच्या नोंदींवरून तयार होतो.