पागेचं बिऱ्हाड

दिवाळी सरली की घोडेवाल्यांचं पंचांग सुरू होतं. कार्तिक पौर्णिमेला पुष्कर, मार्गशीर्ष पौर्णिमेला म्हणजे दत्तजयंतीला सारंगखेडा, मग पंधरवड्यात नांदेड जिल्ह्यातलं खंडोबाचं माळेगाव, संक्रांतीला पंजाबातलं मुक्तसर आणि चैत्रात राजस्थानातलं तिलवाडा. सगळे सगळीकडे जात नाहीत. पण जो निघतो तो घरदार बांधूनच निघतो. बाजेपासून तव्यापर्यंत सामान, औषधांची पेटी, गोधड्या, सोबत एक-दोन पोरं, आणि घोडे.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्याबरोबरचा घोडेबाजार खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. बातम्यांत येतात त्या किमती, रेवाल चालीच्या स्पर्धा आणि ढोलावर नाचणारे घोडे. मला मात्र यातली सगळ्यात मोठी कारागिरी त्याआधीच्या एक-दोन दिवसांत दिसते. हजारेक किलोमीटरवरून आलेलं जनावर परक्या रानात उभं करायचं आणि रात्रीपर्यंत त्याला वाटलं पाहिजे की आपण आपल्याच ठाणावर आहोत. हे ज्याला साधतं त्याचाच घोडा पुढे रिंगणात उठून दिसतो.

ट्रक येतो तो बहुधा पहाटे. ड्रायव्हर मातीच्या उंचवट्याला मागची बाजू टेकवतो, फळका पडतो आणि आतून उबदार वाफ बाहेर येते. दोन घोड्यांच्या मध्ये आडवे बांबू, खाली वाळू आणि पेंढा. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम एका गाडीत चार ते सहाच घोडे भरायला सांगतात आणि तोंडं डावीकडे करायला लावतात, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. नियम शहाणपणाचा आहे, तो पाळणारेही आहेत आणि कोंबून आणणारेही. कोंबून आणलेलं जनावर उतरताच ओळखू येतं. मांड्या थरथरतात, गुडघे खरचटलेले असतात, नाकातून पाणी वाहत असतं. वाटेत मान उंच बांधून ठेवली तर घोड्याला डोकं खाली घालून नाक-घसा मोकळा करता येत नाही. घाण छातीत उतरते आणि दोन दिवसांनी ताप चढतो. म्हणून जाणता मालक वाटेत ठरावीक ठिकाणी थांबतो, दोर सैल करतो, जनावरांना मान खाली घालू देतो.

पंजाबहून आलेल्या एका तांड्याचं उतरणं मी अगदी जवळून पाहिलं. आधी म्हातारी घोडी. तिची म्होरकी धरून माणूस फळक्यावर उभा राहिला, पण दोर ओढला नाही. घोडीने कडेला येऊन नाकपुड्या फुलवल्या, लाकूड हुंगलं, एक पाय ठेवून पाहिला, मागे घेतला. माणूस तिच्या खांद्याशी नुसता उभा, हात मानेवर. बराच वेळ गेला. मग ती आपणहून खटखट उतरली, आणि तिच्यामागे बाकीची सगळी विनातक्रार. शेजारच्या गाडीजवळ एक जण शिंगराला मागून चाबूक दाखवत होता. ते शिंगरू फळक्यावरून घसरलं आणि पुढे दिवसभर माणूस दिसला की कान मागे पाडत राहिलं.

उतरल्यावर दाणा नाही. आधी चालवणं, मग पाणी. घोड्याला ओकता येत नाही. पोटात जे अडकलं ते अडकलंच, आणि पोटशूळ उठला तर धडधाकट जनावर एका रात्रीत जातं. मोठ्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागतं, पण थंडीत गार पाणी आणि त्यालाही परकी चव, म्हणून तो नुसता ओठ लावून मान वळवतो. त्यावर उपाय जुना आहे. घरून निघायच्या आधीच काही दिवस पाण्यात गुळाचा खडा विरघळवायचा आणि इथेही तसाच विरघळवायचा. दोन्हीकडचं पाणी मग एकच लागतं. त्या घोडीने बादलीत तोंड घातलं तेव्हा पोऱ्या तिच्या गळ्यावर तळवा ठेवून घोट मोजत होता. मालकाने लांबूनच विचारलं, “पितेय?” पोऱ्याने मान हलवली, तेव्हा कुठे मालकाने स्वतःसाठी चहा सांगितला.

वैरणीचंही तसंच. पंजाबच्या घोड्याला गव्हाचा भुसा आणि हिरव्या जईची सवय, इथे मिळतो ज्वारीचा कडबा. एकदम बदललं तर पोट बिघडतं. म्हणून घरची पोती ट्रकमध्ये असतात. पहिल्या दिवशी मूठभर कडबा त्यात मिसळायचा, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. तोबऱ्यात चंदी कमी, काम वाढेल तशी वाढवायची.

मग पागा बसते. मेखा ठोकून अगाडी-पिछाडी बांधतात, आणि कोणाशेजारी कोण हे घरच्यासारखंच ठेवतात. नर वाऱ्याच्या अशा बाजूला, की त्यांना माद्यांचा वास जाणार नाही. नुकऱ्याला म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोड्याला सावली आधी, कारण त्याची कातडी गुलाबी, डोळे फिके; दुपारचं ऊन त्याला सोसत नाही. माणसांची राहुटी सगळ्यांत शेवटी, आणि तीही घोड्यांच्या इतकी जवळ की रात्री खूर आपटल्याचा आवाज बाजेवर ऐकू यावा. घोडा उभ्यानेही डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जिथे धास्ती वाटते तिथे तो आडवा होत नाही. सकाळी अंगाला पेंढा चिकटलेला दिसला की मालकाचा चेहरा खुलतो.

एक नवी शिस्त अलीकडे पक्की झाली आहे आणि ती व्हायलाच हवी होती. ग्लँडर्स हा रोग नाकातल्या स्रावातून, सामायिक हौदातून पसरतो, माणसालाही होतो, आणि त्यावर लस नाही. लागण झालेलं जनावर मारावंच लागतं. म्हणून रक्ततपासणीचा दाखला कागदपत्रांत सगळ्यात वर, आणि प्रत्येक तांड्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा. शेजाऱ्याने बादली मागितली तर नाही म्हणायला जीभ जड होते. तरी नाही म्हणतात.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकं येतात, ओठ वर करून दात पाहतात, मानेखाली देवमण हा शुभ भोवरा शोधतात, पंचकल्याणी म्हटलं की चारही पाय पांढरे आहेत ना, ते वाकून तपासतात. रेवालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकत्र पडतात आणि स्वार खोगिरावर हलतही नाही, तेव्हा गर्दी वेडी होते; मीही होतो. मात्र तोंडात काटेरी लगाम घालून घोडा नाचवतात तेव्हा बघवत नाही. 1965 च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे, आणि परीक्षकांनी रिंगणाच्या दारातच तोंड उघडून पाहिलं तर एका हंगामात तो बंद होईल.

यात्रा उतरणीला लागली की दोन वाटा असतात. माळेगाव त्या मानाने जवळ आहे, पण घोड्यांना पुन्हा पंधरवड्यात प्रवास; नाहीतर परत घराकडे. त्या तांड्याने दोन घोडे विकले होते, म्हातारी घोडी थकली होती, तेव्हा माळेगाव सोडून घरी पंजाबात परतायचं आणि पुढे थेट मुक्तसर करायचं ठरलं. मालक शेतकऱ्याकडे कडब्याच्या पेंढ्यांचा भाव करत उभा होता. एवढा कडबा कशाला, घरी भुसा आहेच की, असं मी विचारलं. तो म्हणाला, “आता यांचं पोट इथलं झालंय. घरी गेल्यावर पुन्हा हळूहळू उलटं करायचं.” आणि मोजून पेंढ्या ट्रकमध्ये चढवायला लागला.