रिकाम्या खुर्चीचं व्याज

गावातलं वर्तमानपत्र बंद पडलं की गावच्या गटारीचा खर्च वाढतो. ऐकायला ही पारावरची थाप वाटेल, पण अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी ती हिशेब मांडून दाखवली आहे.

तिथल्या काउंट्या, म्हणजे ढोबळमानाने आपले जिल्हे, शाळा, रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या यांसाठी बाजारात कर्जरोखे विकून पैसा उभा करतात. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, तसंच हे. पेंगजी गाओ, चँग ली आणि डर्मट मर्फी यांनी १९९६ ते २०१५ या काळातले असे रोखे घेतले आणि त्यांच्याशेजारी त्याच काळात बंद पडलेल्या स्थानिक वर्तमानपत्रांची यादी ठेवली. वर्तमानपत्र गेलं की त्यानंतर काढलेल्या कर्जावर काउंटीला ०.०५ ते ०.११ टक्के जादा व्याज मोजावं लागतं, असं निघालं. आकडा चिल्लर वाटतो. पण १० कोटी डॉलरच्या कर्जावर ०.१ टक्का म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर, आणि अशी कर्जं दहा-दहा, वीस-वीस वर्षं चालतात.

यातली गंमत अशी, की न्यूयॉर्कमध्ये बसून रोखे घेणाऱ्याने ते वर्तमानपत्र कदाचित कधी हातातही धरलेलं नसतं. त्याला एवढंच उमगतं, की तिथल्या कारभाऱ्यांवर आता कुणाची नजर नाही; मग तो आपली जोखीम व्याजात वसूल करतो. आणि त्याचा संशय अगदीच हवेतला नाही. याच अभ्यासात दिसलं, की पेपर बंद झाल्यावर सरकारी नोकरांची संख्या आणि पगाराचं बिल फुगतं, आणि रोखे खुल्या बोलीऐवजी आपसात वाटाघाटी करून विकण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे सभागृहातल्या पत्रकारांच्या खुर्चीवर कुणी नुसतं बसलेलं असण्यालाही बाजारभाव आहे! त्या दिवशी त्याने एक ओळ छापली नाही तरी.

ती खुर्ची रिकामी राहिली तर काय होतं, याचा नमुना म्हणजे कॅलिफोर्नियातलं बेल. लॉस एंजेलिसला खेटून असलेलं, अडीच चौरस मैलांचं, कष्टकरी स्थलांतरितांचं गाव. तिथे २००५ मध्ये एक विशेष मतदान झालं. विषय रुक्ष होता: शहराला स्वतःची सनद असावी का? मतं पडली ४०० पेक्षा कमी. सनद मंजूर झाली आणि नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा गळून पडली. त्या रुक्ष विषयाच्या पोटात हे दडलेलं होतं. पुढे अर्धवेळ नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलर घेऊ लागले, आणि प्रशासक रॉबर्ट रिझोचा पगार ७,८७,६३७ डॉलरवर गेला. त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षांना चार लाख मिळत होते. पगार किती, असं विचारणाऱ्या नागरिकाच्या हातावर खोट्या आकड्यांचा कागद ठेवला गेला.

२०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे जेफ गॉटलीब आणि रूबेन विव्हेस शेजारच्या मेवुड गावच्या भानगडींची बातमी करत होते. त्या गावाने आपला कारभार बेलकडे सोपवायचं ठरवलं होतं. धागा धरून दोघं बेलमध्ये आले आणि त्यांनी पगाराचे कागद मागितले. बातमी छापून आल्यावर आठवडाभरात रिझोने राजीनामा दिला, २०१४ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्राला पुलित्झर मिळालं.

मला थक्क करतं ते वेगळंच. यात छुपा कॅमेरा नव्हता की मध्यरात्री भेटणारा खबरी नव्हता. करारनामे, ठराव, पगारपत्रकं सरकारी कपाटातच होती. फक्त कुठला कागद मागायचा आणि मिळाल्यावर कुठल्या रकान्यावर बोट ठेवायचं, हे ठाऊक असलेला माणूस लागत होता. असा माणूस घडायला वर्षं लागतात आणि त्याला नारळ द्यायला एक ईमेल पुरतो. प्यू रिसर्च सेंटरच्या मोजणीनुसार अमेरिकी वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ साली सुमारे ७१ हजार माणसं होती. २०२० मध्ये ३१ हजार उरली. बेल प्रकरण काढणाऱ्या त्याच वर्तमानपत्राने जानेवारी २०२४ मध्ये शंभरावर पत्रकारांना घरी पाठवलं. कारणं सर्वांना माहीत आहेत: छोट्या जाहिराती इंटरनेटवर फुकट गेल्या, मोठ्या गूगल-फेसबुककडे.

पेपर छोटा असला तरी फरक पडतो का? ‘सिनसिनाटी पोस्ट’ ३१ डिसेंबर २००७ रोजी बंद झाला तेव्हा त्याचा खप जेमतेम २७ हजार होता आणि शहरात दुसरा, कितीतरी मोठा पेपर होताच. तरी केंटकीतल्या ज्या उपनगरांत ‘पोस्ट’ जास्त वाचला जाई, तिथे पुढच्या निवडणुकांत उमेदवार घटले, मतदान घटलं आणि खुर्चीवरचेच पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली.

आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत पेपर निघतात, पानंही भरलेली असतात. पण तालुक्याच्या बातमीदाराला बरेचदा बातमीपेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावं लागतं. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी ज्या नगराध्यक्षाकडून अर्धं पान मिळवायचं, त्याच्याच टेंडरवर लिहायचं, हे त्याच्याकडून मागणं जरा क्रूरच आहे. आणि नगरपालिकेच्या सभेत चहा-फरसाण झाल्यावर, सगळे उठायच्या घाईत असताना, ‘आयत्या वेळचे विषय’ झटपट मंजूर होतात. जुना बातमीदार त्यासाठीच शेवटपर्यंत बसून राहतो. नवख्याला वाटतं, सभा संपली.

तुमच्या गावात असा शेवटपर्यंत बसणारा कुणी असेल, तर त्याचा पेपर शेजाऱ्याकडून मागून वाचू नका. विकत घ्या.