अंगणातला चाफा आणि घरकुलाचे जोते

येडशीच्या माझ्या मावशीला 2023 च्या डिसेंबरात रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण गवंडी आला, त्याने दोरी धरून 269 चौरस फुटांची आखणी केली आणि फक्की टाकली, तेव्हा जोत्याची पूर्वेकडची ओळ नेमकी चाफ्याच्या बुंध्यातून गेली.

"माय, झाड मोठं का घर मोठं?" माझ्या मावसभावाने विचारले.

मावशी काहीच बोलली नाही. ती उठून झाडाजवळ जाऊन बसली. गवंडी ओळखीचा होता, त्याने चहा घेतला आणि "उद्या कुऱ्हाड घिऊन येतो" म्हणून निघून गेला. रात्री भावजयीचा मला फोन आला, "तुम्ही या. त्यांना समजवा."

मावशीला कोण समजावणार? तिचे माहेर सास्तूरकडचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप लातूर-उस्मानाबादच्या लोकांना वेगळा सांगायला नको. त्यात तिचे आई-वडील गेले. घराच्या भिंतीची माती झाली, पण अंगणातला चाफा उभा होता. पुढे गाव नव्या जागी बसले. पूर्ण उठवून नव्या जागी वसवलेली अशी 52 गावे. माणसे गेली, पत्रे-वासे गेले, झाडे मात्र जुन्या गावठाणातच राहिली. मावशी दिवाळीच्या सुमारास शेवटचे बघून आली आणि येताना पिशवीत हातभर फांदी घेऊन आली. तीच येडशीच्या अंगणात लावली. तीस वर्षांत बुंधा नऊ इंच जाड झाला. रविवारच्या वंदनेला विहारातल्या मूर्तीपुढे याच झाडाची फुले जात होती. हे सगळे माहीत असल्यावर मी "तोडून टाक" कोणत्या तोंडाने म्हणणार?

माझे पती तीस वर्षे महापालिकेच्या बागेत माळी होते. त्यांना बरोबर घेऊन गेले. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, नखाने साल खरवडून पाहिली आणि गवंड्याला म्हणाले, "दोन महिने दे. तीन बाजूंचा पाया खोद, चौथी बाजू शेवटी धर." गवंडी चिडला. त्याचे चुकत होते असे नाही. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात, जोते वर आल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि पावसाळ्याच्या आत डोक्यावर छत पाहिजे. भावाच्या कपाळावरही आठी होती. पण मावशीने गवंड्याला चुलीवरची भाकरी आणि ठेचा वाढला आणि बोलणे मिटले.

आता मुद्द्याचे सांगते. हा चाफा म्हणजे सोनचाफा नव्हे. पांढऱ्या, आत पिवळसर फुलांचा, मोडला की दूध निघणारा हा खुरचाफा. हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे प्लुमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. श्रीलंकेत विहारांच्या आवारात तो दिसतो आणि लाओस देशाचे तर ते राष्ट्रीय फूल आहे. म्हणजे हे झाड मुळातच गाव सोडून आलेले! थंडीत पाने गाळून ते झोपते, मुळे फार खोल नेत नाही आणि नुसत्या फांदीपासूनही मुळे फोडते. म्हणून मोठे झालेले झाड हलवायचे असेल तर याच्याइतके सोशिक झाड क्वचितच सापडेल. तुमच्या अंगणात सोनचाफा, बहावा किंवा कडुनिंब असेल तर मात्र एवढ्या भरवशाने मी सांगणार नाही. ही झाडे मोठी झाल्यावर मुळांना धक्का सोसत नाहीत. तिथे घराचा नकाशाच दोन फूट सरकतो का ते आधी पाहावे. आंबा, चिंच, साग यांसारखी झाडे तोडायला परवानगी लागते, म्हणून त्यांना हात लावण्याआधी तहसीलात विचारावे.

झाड हलवताना लोकांचे चुकते ते घाईत. जेसीबी बोलावतात, एका दणक्यात झाड उपटतात, दुसऱ्या खड्ड्यात उभे करतात, टँकरभर पाणी ओततात आणि पंधरा दिवसांनी म्हणतात, झाड लागले नाही. मुंबईत मेट्रोच्या कामासाठी हलवलेली कितीतरी झाडे अशी वाळली आणि ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. झाड जमिनीतून पाणी पिते ते जाड मुळांनी नव्हे, त्यांच्या टोकाच्या केसासारख्या बारीक मुळांनी. ती बुंध्यापासून लांब असतात. एकदम उपटले की सगळी बारीक मुळे जुन्या जागीच राहतात. म्हणून बुंध्याजवळ नवी बारीक मुळे आधी वाढवून घ्यायची आणि मग झाड उचलायचे. त्यासाठीच ते दोन महिने.

सर्वसाधारण हिशेब असा की बुंध्याच्या जाडीच्या दहापट रुंदीचा मातीचा गड्डा मुळांबरोबर राहावा. नऊ इंचांच्या बुंध्याला तो साडेसात फूट होतो, तो कोण उचलणार? चाफ्याला निम्म्याने भागते. आम्ही चार फुटांचे गोल रिंगण आखले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिंगणाच्या उत्तर आणि दक्षिण अंगाला दीड फूट खोल चर खणला. वाटेत आलेली मुळे पहारीने तोडली नाहीत, करवतीने सरळ कापली. पहारीने मूळ फाटते आणि फाटलेले मूळ कुजते. चरात चाळलेली माती, वाळू आणि थोडे जुने शेणखत भरून वर हलके पाणी दिले. महिन्याने पूर्व आणि पश्चिम अंगाला तेच केले. येडशीची जमीन बालाघाटाच्या डोंगराची, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. टिकावाने हात भरून यायचे. पण त्याच मुरमामुळे मुळे उथळ राहिली होती, हा फायदाच झाला.

एक काम माझ्या पतींनी पहिल्याच दिवशी केले. पाच फांद्या हातभर लांबीच्या कापल्या आणि पडवीच्या सावलीत पंधरा दिवस तशाच ठेवल्या. दूध सुकून कापलेल्या जागी खपली धरली की मगच फांदी वाळूमिश्रित मातीत लावायची. ओली लावली तर सडते. मावशीला ते पटेना. "झाड हलवायलाच आलात ना, मग फांद्या कशाला तोडता?" तेव्हा मी तिला बोधिवृक्षाची गोष्ट सांगितली. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि ती अनुराधपूरला लावली गेली. इकडे बोधगयेचा जुना वृक्ष 1876 मध्ये वादळात पडला. अनुराधपूरचा उभा राहिला. त्याच्याच फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला दीक्षाभूमीवर आणून लावल्या. मावशी दीक्षाभूमीला तीनदा जाऊन आलेली. ती म्हणाली, "मग पाच कशाला, सात काप." पाचच कापल्या. झाडाला पुढे लागणारी ताकदही बघावी लागते.

22-23 फेब्रुवारीला घरातली माणसे कसबे तडवळ्याला जाऊन आली. 1941 साली बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला जिथे आले होते, तेच हे गाव. येडशीहून जवळच. त्यानंतर 25 तारखेला, रविवारी, झाड हलवायचे ठरले. नवा खड्डा पश्चिमेच्या कोपऱ्यात आधीच खणून ठेवला होता. मावशीला तो न्हाणीजवळ पाहिजे होता, आयते पाणी मिळेल म्हणून. पण साचलेल्या पाण्यात चाफ्याची मुळे कुजतात, त्यात ते साबणाचे पाणी, म्हणून तिकडे नको म्हटले.

मातीचा घनफूट साधारण 45 किलो भरतो. चार फूट रुंद आणि दीड फूट खोल गड्डा म्हणजे जवळजवळ साडेआठशे किलो. तो माणसांच्या बळाने उचलणे शक्य नव्हते. जेसीबी भाड्याने आणला, पण खोदायला नव्हे, फक्त उचलायला. गड्ड्याला बारदान गुंडाळून सुतळीने घट्ट शिवले, खालून दोन पट्टे घातले. बुंध्याला मावशीची जुनी वाकळ बांधली. झाड कधीही बुंध्याला दोर लावून उचलू नये. वजन गड्ड्याखालून घ्यावे. उत्तरेच्या अंगाला चुन्याची खूण केली होती, तीच बाजू नव्या जागीही उत्तरेला ठेवली. ज्या सालीने तीस वर्षे सावली पाहिली तिच्यावर एकदम मराठवाड्याचे ऊन पडले तर ती भाजते.

एवढी काळजी घेऊनही जेसीबीचा दात एका जाड फांदीला घासलाच. साल निघाली, दूध वाहू लागले. मावशीने डोळ्याला पदर लावला. पोरे दुधाला हात लावायला धावली, त्यांना मागे ओढले. ते दूध डोळ्यात गेले तर आग होते. जखम पुसून कोरडी केली आणि तिच्यावर बोर्डो पेस्ट लावली.

झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवले, एक बोटही खोल नाही. तीन बांबूंचा आधार दिला, बुंध्याला चुना फासला, आळे केले आणि दोन घागरी पाणी घातले. त्यानंतर दहा दिवस काही नाही. सगळ्यात अवघड काम हेच होते! मावशी रोज सकाळी तांब्या घेऊन निघायची आणि भावजय तिला अडवायची. पाने नसलेले झाड पाणी पीत नाही, ते फक्त भिजत राहते.

त्याच आठवड्यात चौथ्या बाजूचा पाया भरला. मार्चअखेर जोते वर आले आणि हप्ताही निघाला. झाड मात्र एप्रिल आणि मे दोन्ही महिने काठीसारखे उभे. येणारा-जाणारा म्हणायचा, "वाळलं की ओ ते." भाऊ दर रविवारी नखाने साल खरवडून पाहायचा. खाली हिरवे दिसले की मला फोन करून सांगायचा. कुऱ्हाड आणायला निघालेला हाच माणूस, हे लक्षात घ्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला आणि फांद्यांच्या टोकांना हिरवी बोटे फुटली. जखम झालेली फांदी मात्र पावसाळ्यात मऊ पडली. आतला गर तपकिरी झाला होता. पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत ती मागे मागे कापत आणली, तेव्हा सड थांबली. झाड त्या बाजूने अजून बोडके दिसते.

2024 मध्ये एकही फूल आले नाही. 2025 च्या उन्हाळ्यात तीन गुच्छ आले. घरकुलाला तोवर रंग लागला होता.

त्या पाच फांद्यांपैकी तीन जगल्या. एक विहाराच्या आवारात लावली, एक मी आणली. तिसरी मावशीचा भाऊ गेल्या पावसाळ्यात तेलाच्या डब्यात घालून एसटीने घेऊन गेला. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावठाणात त्याच्या दारापुढे ती लावली आहे. फूल अजून नाही, पण आठ पाने आली आहेत, असा परवाच निरोप आला.