दूरच्या सफरीसाठी मुख्य शीड कसे निवडावे?

मुख्य शिडाचा प्रकार ठरतो तो बॅटनवर, म्हणजे शिडात बसवलेल्या लवचिक पट्ट्यांवर. या पट्ट्या डोलकाठीपासून मागच्या कडेपर्यंत सलग असल्या तर ती कड बाहेर फुगवटा देऊन कापता येते, क्षेत्रफळ वाढते, शीड कमी फडफडते आणि कापड जास्त टिकते. उतरवताना ते बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर, नीट घडी घालून बसते. मात्र पट्ट्यांचा रेटा डोलकाठीवर येतो. त्यासाठी चांगल्या सरकत्या गाड्या लागतात, आणि त्या महाग असतात. मागून वारा असताना पट्ट्या बाजूच्या तारांवर घासतात, तिथे जाड ठिगळ आधीच लावून घ्यावे. वरच्या दोन पट्ट्या सलग आणि खालच्या आखूड, हा मधला मार्ग बहुतेक कुटुंबांच्या नौकांना खरोखर उत्तम.

डोलकाठीच्या आत गुंडाळले जाणारे शीड कॉकपिटमधूनच लहान-मोठे करता येते. दोघांच्याच नौकेवर ही सोय फार मोलाची! पण त्यात आडव्या पट्ट्या बसत नाहीत, मागची कड आत वळवून कापावी लागते आणि जोर घटतो. कापड जुने होऊन ताणले की गुंडाळी आत अडकण्याचा धोकाही असतो.

पट्ट्यांच्या शिडाला किनाऱ्यालगत दोन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करण्याचे टप्पे, पुरतात. महासागरात तिसरा हवाच.