कडक पोलादात भोक: ड्रिल का हरतं आणि मग करायचं काय?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. प्रवासात ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे नीट वाचा.

सुरुवात आजीच्या विळीपासून करतो. दुमडणारी विळी. पातं पाटाला ज्या बोल्टने बसतं, ते भोक झिजून लांबट झालेलं. नारळ खोवताना पातं डुगडुगायचं, आणि आजीचा हात तिथून दोन बोटांवर. मी म्हटलं, सोपं आहे, 6 मिलिमीटरचं भोक 8 चं करू आणि जाड बोल्ट टाकू. घरातलं ड्रिल घेतलं, फुल स्पीड दिला. पाच मिनिटांत दोन बिट बोथट, आणि भोकाभोवती निळी कडी. भोक मात्र होतं तेवढंच.

झालं काय? लोहार पातं लालभडक तापवून एकदम थंड करतो, त्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून नंतर थोडं तापवून ठिसूळपणा कमी करतात. साधं एचएसएस बिट रॉकवेल सी मोजपट्टीवर साधारण 63 ते 65 भरतं. पातं 55-60 असेल तर दोघांत फारसा फरकच उरत नाही. त्यात स्पीड जास्त असला की बिट कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की उष्णता, आणि टोक 600 अंशांच्या आसपास गेलं की एचएसएससुद्धा नरम पडायला लागतं.

आता गणित बघा. घरगुती ड्रिल 2800 आरपीएमला फिरत असेल, तर 8 मिलिमीटर बिटची कड मिनिटाला सुमारे 70 मीटर धावते. कडक पोलादाला 10 मीटरसुद्धा पुष्कळ. म्हणजे 400 आरपीएम किंवा त्याहून कमी.

आणि ती निळी कडी? पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण 220 अंशांना येतो, निळा 300 च्या आसपास. निळा दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. माझं नशीब, भोक धारेपासून लांब होतं. धारेवर तो रंग आला असता तर विळी कायमची बोथट. कोडमध्ये चूक झाली तर अंडू करतो, लोखंडात ती सोय नाही!

म्हणून पहिलं काम, कानस लावून बघा. जिथे भोक हवंय त्याच जागी, कारण पुष्कळदा पाणी फक्त धारेलाच दिलेलं असतं.

कानस सहज लागली: साधं एचएसएस बिट चालेल. कमी स्पीड, थेंब थेंब तेल.

कानस कशीबशी लागली: कोबाल्ट बिट घ्या. एम35 मध्ये 5 टक्के कोबाल्ट असतो, एम42 मध्ये 8 टक्के. स्पीड कमी, दाब ठाम. कीस निघत नसेल तर थांबा, नुसतं फिरवत राहू नका.

कानस घसरली: इथे ड्रिल बिटचा नाद सोडा. नवीन भोक हवं असेल तर कार्बाइड लागतं. भिंतीला भोक पाडायच्या बिटच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो. त्याला डायमंड कानशीने धार काढली तर तेही चालतं, पण हॅमर मोड बंद ठेवा. कार्बाइड कडक आहे तितकंच ठिसूळ. ड्रिल जरा कललं की तुकडा उडतो. अशा पोलादावर पंचही मारू नका, टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो.

आपलं काम तर भोक *मोठं* करायचं. त्यात ड्रिल आणखी वाईट, कारण बिटच्या फक्त बाहेरच्या कडा टेकतात, त्या अडकतात आणि झटका बसतो. इथे कापू नका, घासा. रोटरी टूलला बारीक गुलाबी ग्राइंडिंग स्टोन लावा. तो अॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, स्वस्त असतो, झिजतो, म्हणून चार-पाच आणा. डायमंड बरही चालतो, पण तापला तर हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो आणि बर लवकर संपतो. त्यामुळे दाब हलका, आणि ब्रशने थोडं थोडं पाणी. वायरचं टूल असेल तर पाणी जवळही आणू नका, थांबून थांबून थंड होऊ द्या. दहा सेकंद घासा, बोट लावून बघा. चटका बसला तर थांबा.

मला अर्ध्या तासाच्या वर लागलं. मधे मधे बोल्ट घालून बघत होतो, कारण जास्त घासलेलं परत येत नाही.

सुरक्षेचं ऐका, हे गाळू नका. गॉगल हवाच, घासताना मास्कही. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत, कापड अडकलं की हात ओढला जातो. पातं हातात धरून काम करायचं नाही, व्हाइसमध्ये घट्ट आवळा. त्याआधी धारेवर चिरलेला पाइप बसवून टेप गुंडाळा.

आणि गाडीचा ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांच्या पार्टमध्ये घरी भोक पाडू किंवा वाढवू नका. तडा तिथूनच सुरू होतो. पार्ट बदला. पातं पूर्ण नरम करून, भोक पाडून, परत पाणी द्यायचं असेल तर ते लोहाराचं काम आहे. सरळ त्याच्याकडे जा.

आता पातं जागचं हलत नाही. आजीने नारळ खोवून बघितला आणि म्हणाली, “आधी विचारायचं होतंस, लोहार कोपऱ्यावरच बसतो.”

तुमच्या घरात असं डुगडुगणारं काही असेल तर आधी कानस लावा, मग ड्रिल उचला. भेटू पुढच्या भागात!