तबकडीतला जॅझ आणि मैफलीतला जॅझ

जॅझ संगीताच्या दोन शौकिनांची गाठ पडली की संभाषणाला दोन प्रश्नांनी सुरुवात होते. पहिला, ‘तुमच्या संग्रहात कोणकोणत्या ध्वनिमुद्रिका आहेत?’ दुसरा, ‘प्रत्यक्ष कोणाला ऐकलेत?’ पहिल्याचे उत्तर उत्साहाने येते. दुसऱ्याचे उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो, आणि सांगणारा क्षणभर त्या संध्याकाळी जाऊन बसतो. तबकडी आणि आठवण यांत हा फरक का पडावा, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

जॅझ म्हणजे आदळआपट, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. वास्तविक अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स शहरात, एकेकाळी गुलाम असलेल्यांच्या कृष्णवर्णी वंशजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविलेले हे संगीत आपल्या श्रोत्याला फारसे परके वाटू नये. ‘ब्लूज’ या प्रकाराचेच पाहा. चार-चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. ते फिरत राहते आणि वादक दर आवर्तनात नवा विचार मांडतो. बंदिश तीच, विस्तार रोज वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मात्र आपल्याकडे षड्ज अढळ असतो. तेथे स्वरांचे समूह ठरावीक क्रमाने बदलत जातात आणि वादकाला त्या बदलत्या जमिनीवर पाय न घसरता चालावे लागते.

आता, जे रोज वेगळे होते ते तबकडीवर कसे धरावे? जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने १९२३ साली वाजविले तेव्हाही विजेचा मायक्रोफोन नव्हता. सर्वांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे. त्या वृंदातील तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दमदार होता, की इतरांचे वादन झाकू नये म्हणून त्याला पुष्कळ मागे उभे केले, असे त्याच्या साथीदारांनी पुढे सांगितले. मोठ्या ढोलाच्या आघाताने सुई थरारे, म्हणून ढोलवाल्याला हात आखडता घ्यावा लागे. शिवाय तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही अशाच तबकडीत राग बसवावा लागला होता. तेव्हा त्या काळचा म्हणून जो जॅझ आपण ऐकतो, तो कर्ण्यात आणि तीन मिनिटांत मावला तेवढाच जॅझ होय.

तथापि ही मर्यादा म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. १९३९ साली कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ ही चाल सॅक्सोफोनवर वाजविली. चालीला जेमतेम स्पर्श करून तो आपल्या वाटेने निघाला आणि तीन मिनिटांत असा इमला उभारला, की सॅक्सोफोनवादकांच्या पुढच्या पिढीने ती तबकडी पाठ केली. जेथे गुरू पोहोचू शकत नाही, तेथे तबकडी पोहोचते.

पण तबकडी संपूर्ण साक्ष देते काय? ७ जुलै १९५६ ची रात्र घ्या. न्यूपोर्टच्या उत्सवात ड्यूक एलिंग्टनचा वृंद मध्यरात्रीच्या सुमारास बसला. लोक घरी निघाले होते. एका रचनेच्या मधल्या जागेत पॉल गोन्साल्विस हा सॅक्सोफोनवादक पुढे आला आणि ब्लूजची एकामागून एक सत्तावीस आवर्तने वाजवून गेला. निघालेले लोक परत फिरले, एक बाई नाचू लागल्या, सारे पटांगण उभे राहिले. त्याची लाँगप्ले तबकडी अतिशय गाजली. परंतु तिच्यातील बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या जोडलेला होता. गोन्साल्विसचे वादन खरे त्या रात्रीचेच, पण ते दुरून आल्यासारखे ऐकू येई. कारण तो कंपनीच्या नव्हे, आकाशवाणीसाठी लावलेल्या दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर उभा होता. ती दुसरी फीत पुढे सापडली आणि दोन्ही जुळवून १९९९ साली नवी आवृत्ती निघाली. तोवर त्रेचाळीस वर्षे ती रात्र नीट ठाऊक होती ती केवळ हजर असलेल्यांना!

आपल्या मुंबईच्या बाबतीत तर अशी दुसरी फीतही नाही. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी अमेरिकन वादक आपला वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले वादक असे वृंद कानांनी टिपत, आणि तबकड्या झिजेपर्यंत ऐकत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवीत. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. या मंडळींचे चित्रपटगीतांतील तुकडे आपल्या कानांवर आहेत. पण हॉटेलांतून रात्र रात्र त्यांनी जे मोकळेपणाने वाजविले, ते बहुतेक हवेतच विरले. ऐकणारेही एक एक करून चालले.

१९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. पुढे एका वर्षी धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली आम्हीही बसलो होतो. एक वादक वाजवता वाजवता मायक्रोफोनपासून दूर सरकला. आवाज लहान झाला, आणि सारे प्रेक्षागृह कान देऊन पुढे झुकले. ते झुकणे कोणत्या तबकडीत सापडेल?

म्हणून आमची एवढीच विनंती. घरातील तबकड्या जपा, पुन्हा पुन्हा लावा, शेजाऱ्याला बोलावून ऐकवा. पण त्याबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, ‘तुम्ही प्रत्यक्ष कोणाला ऐकलेत?’ आणि ते जे सांगतील ते तारखेसह वहीत उतरवून ठेवा. जुनी तबकडी बाजारात एखादे वेळी पुन्हा मिळेल. ती वही मिळणार नाही.